पाच फूट दीड इंच

नवऱ्याला हे माहीत नाही. आईला नाही. पोलीस ठाण्यात माझ्याबरोबर ड्यूटी करणाऱ्या बाया एकमेकींच्या घरातलं सगळं जाणून असतात, त्यांनाही नाही. आजवर ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही, आणि आता पडते आहे तर तुमच्याकडे पाहून बोलायला होत नाही. खोटं कशाला सांगू—तुमचाही मला थोडा संशय येतोच आहे. ऐकून घ्याल, मान हलवाल, आणि मग? घरी जाऊन कुणाला सांगाल? सांगा. आता त्यानं काही फरक पडत नाही.

मी नागपुरात पोलीस शिपाई आहे. दहा-अकरा वर्षं झाली. वर्दी आहे, घर आहे, गल्लीत मान आहे—आणि यातलं काहीही चोरीचं नाही. परीक्षा मी दिली, धावले मी, गोळा मी फेकला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की मी कुणाची तरी जागा ढापली. तसं असतं तर सोपं होतं. चोरीला निदान नाव असतं, कलम असतं. मी जे केलं त्याला काय म्हणायचं?

लोकांना वाटतं, संशय घेणं आम्हाला नोकरीत शिकवतात. मला शिकवावं लागलं नाही. मी ते घरूनच घेऊन गेले होते. लहानपणी आईनं भावाच्या ताटात आधी वाढलं तरी मी वाटीतली भाजी डोळ्यांनी मोजायचे. कुणी दोघं बोलता बोलता थांबले की माझ्याबद्दलच बोलत होते, हे मला ठाऊकच असायचं. ठाऊक म्हणजे—खात्री. खात्रीला पुरावा लागत नाही.

शालू उमरेडची. बारावी झाल्यावर ती नागपूरला मामाकडे राहायला आली. मामाचं जरीपटक्याच्या बाजारात बांगड्यांचं दुकान होतं आणि घर आमच्याच गल्लीत. ती पोलीस भरतीची तयारी करायला आली होती, मीही तेच करत होते, म्हणून मैत्री झाली. मामा भला माणूस, पण त्याचं म्हणणं पहिल्यापासून साफ होतं—एक भरती बघायची. झालं तर उत्तम. नाही झालं तर उमरेडला परत, आणि घरचे म्हणतील तिथं लग्न. शालू हे हसत हसत सांगायची. मला कळायचं नाही, हिला भीती कशी वाटत नाही?

आता कळतं. तिला भीती वाटायचं कारणच नव्हतं. ती अशी पळायची.

आमचे सर फौजेतून रिटायर झालेले. सकाळी मैदानावर पोरापोरींना तयार करायचे. आठशे मीटर पळून झालं की आम्ही सगळ्याजणी गवतावर आडव्या व्हायचो, आणि शालू कमरेवर हात ठेवून उभी राहायची, तोंड उघडं टाकून, दम लागल्यासारखी. तिला दम लागलेला नसायचा. ती नाटक करायची—माझ्यासाठी. मी शेवटून दुसरी-तिसरी यायचे ना, मला वाईट वाटू नये म्हणून. हे मला स्पष्ट दिसायचं. दुसऱ्या कुणाला त्यात माया दिसली असती. मला काय दिसलं? मला वाटलं, ही मला खेळवते आहे.

एकदा संशय बसला की माणूस त्याला रोज खाऊ घालतो. कधी ती माझ्याआधी मैदानावर पोचलेली असायची आणि तिचे बूट दवानं ओले असायचे. म्हणजे ही चोरून जास्तीचा सराव करते. कधी लेखीच्या सराव पेपरात तिला माझ्याहून जास्त मार्क मिळायचे. म्हणजे हिच्याकडे कुठलं तरी वेगळं पुस्तक आहे, मला दाखवत नाही. आणि एक दिवस मी मैदानावर पोचले तेव्हा ती सरांशी बोलत उभी होती, मला पाहून दोघंही गप्प झाले.

“काय बोलून राहिली होती वं सरांसोबत?” मी नंतर विचारलं.

“काही नाही वं. असंच.”

काही नाही. असंच. किती साधे शब्द! पण माझ्या मनात ते रुतून बसले. सर हिला वेगळं काही शिकवत आहेत, भरतीतलं आतलं काही सांगत आहेत—असं मी ठरवून टाकलं. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलायचे, हसायचे, तिच्याबरोबर पोहे खायचे, आणि आतून तिच्यावर पहारा ठेवायचे.

मग जाहिरात आली. मुलींना उंची लागणार होती एकशे पंचावन्न सेंटिमीटर.

तुमच्या लक्षात आलं आहे का, आपल्याकडे कापड मीटरमध्ये घेतात, रस्ता किलोमीटरमध्ये सांगतात, पण माणूस अजून फुटातच मोजतात? स्थळ आलं की मुलगी पाच-दोन, मुलगा पाच-सात. सेंटिमीटरमध्ये आपण किती, हे आमच्यापैकी एकीलाही माहीत नव्हतं. मला काळजी नव्हती, मी चांगली पाच-तीन होते. शालू माझ्या कपाळापर्यंत यायची.

“मी पाच फूट आणि वर थोडी,” ती म्हणाली. “ते तिकडल्यात किती होते वं?”

गणितात मी हुशार समजले जायचे. मी म्हटलं, ये दुपारी घरी, मोजू.

दुपारी ती आली. कूलर घरघरत होता, आई शिलाई मशीनवर ब्लाउजला बाह्या लावत बसली होती. शालू चप्पल काढून भिंतीला टाचा लावून उभी राहिली, हनुवटी वर, डोळे मिटून—जणू डोळे उघडले तर उंची कमी होईल. मी तिच्या डोक्यावर पाटी धरून पेन्सिलनं भिंतीवर खूण केली. आईची मापाची टेप घेतली. ती साठ इंचांची, म्हणजे बरोबर पाच फूट. खूण तिच्या वर होती. वरचा भाग मी फूटपट्टीनं मोजला, दीड इंच भरला.

पाच फूट दीड इंच. आता सेंटिमीटर. टेपच्या मागच्या बाजूचे आकडे वापरून वापरून पुसले गेले होते, टोकाचा दीडशे तेवढा दिसत होता. फूटपट्टीवर एका बाजूला बारा इंच, दुसऱ्या बाजूला तीस. शाळेपासून तेच डोक्यात होतं—एक फूट म्हणजे तीस सेंटिमीटर. पाच फुटांचे दीडशे. दीड इंचाचे जेमतेम पावणेचार. बेरीज केली.

“एकशे चौपन्नलेही जरा कमीच भरते,” मी म्हटलं.

“अन् लागते किती?”

“एकशे पंचावन्न.”

ती भिंतीवरच्या खुणेकडे बघत राहिली. माझ्याकडे नाही.

“बोटभर कमी पडली म्हणजे.”

“बोटभरही नाही,” मी म्हटलं.

आईनं मशीन थांबवलं आणि म्हणाली, “अरे देवा.” शालू हसली. मग निघताना तिला चप्पल सापडेना. चप्पल समोरच होती.

इथपर्यंत मी खोटं बोलले नव्हते. मला खरंच तेवढंच येत होतं. हे तुम्ही लक्षात ठेवा—नाही, नका ठेवू. लक्षात ठेवा म्हणणं म्हणजे सूट मागणं झालं.

पुढे काही दिवसांनी मी लेखीच्या सरावासाठी कागदाला समास आखत होते. तीच फूटपट्टी. पेन्सिल ओढली आणि सहज नजर गेली. पट्टीवर बारा इंचांची रेघ आणि तीस सेंटिमीटरची रेघ समोरासमोर नव्हत्या. बारा जरा पुढे होता. जरासा, अर्ध्या सेंटिमीटरच्या आत-बाहेर. मी पट्टी उलटी केली, सुलटी केली. म्हणजे एक फूट म्हणजे तीस नाही. तीस आणि वर अर्धा. पाच फुटांत पाच अर्धे. तेवढे मी शालूच्या उंचीतून कापून टाकले होते.

भावाच्या फोनवर बघितलं. एक इंच म्हणजे दोन पूर्णांक चोपन्न सेंटिमीटर. गुणाकार केला. एकशे छप्पन्न, आणि वर थोडे.

खरं सांगते—मी उठले. चप्पल घातली. सांगायलाच निघाले होते. फॉर्म भरायला अजून वेळ होता. शालूचं घर ते केवढं लांब! मी गल्लीत आले, आणि कोपऱ्यावर मला सरांची स्कूटर दिसली. सर सीटवरच, एक पाय जमिनीला टेकवून, आणि शालू समोर हातवारे करून काहीतरी सांगत होती. सर मान हलवत होते.

मी तिथंच थांबले.

हिला आपण उंचीत बसत नाही हे कळलं आहे, तरी हिचं सरांशी काय काम? म्हणजे हिनं माझ्यावर विश्वास ठेवलेला नाही. म्हणजे हे दोघं मिळून काहीतरी जमवत आहेत. उंचीतसुद्धा काही होत असेल, कुणाची ओळख असेल—आणि मला हिनं तोंडानं एक शब्द सांगितलेला नाही. काय काय नाही आलं माझ्या मनात, त्या दहा पावलांच्या अंतरावरून! आणि तळाशी एक साधी गोष्ट होती, तीही सांगून टाकते. जागा थोड्या होत्या. शालू मैदानात उतरली तर माझ्या वर एक नाव नक्की येणार होतं.

मी घरी परत आले. चप्पल काढली. समास आखत बसले.

याच्यानंतरचं सगळं जाणून केलेलं आहे.

सरांनी रविवारी सगळ्यांची उंची मैदानावर मोजायचं ठरवलं. त्यांच्याकडे भिंतीवर सेंटिमीटरच्या खुणा केलेली पट्टी होती. तिथं शालू उभी राहिली असती तर एका मिनिटात सगळं उघड झालं असतं. मी आदल्या दिवशी तिला गाठलं. म्हटलं, तू येऊ नको वं, सारी पोरं राहीन तिथं, आधीच तुले बुटकी म्हणते, उगाच तमाशा होईन. तिला ते बुटकी म्हणणं किती लागतं हे मला माहीत होतं. म्हणूनच तो शब्द काढला. ती आली नाही. सरांनी विचारलं, काहून वं, शालू कुठं आहे? मी म्हटलं, सर, तिच्या घरचे नाही म्हणून राहिले, ती फॉर्मच नाही भरून राहिली. सर वाईट तोंड करून म्हणाले, चांगली पोरगी होती. आणि पुढच्या मुलीला पट्टीखाली उभं केलं.

तरी तिनं एकदा विचारलं होतं. फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली होती तेव्हा.

“ज्योती, एकडाव पुन्हा मोजतं काय वं? सकाळी सकाळी. दुपारी काही चुकलंबिकलं असन तर?”

ती बरोबर तेच विचारत होती. त्या रविवारी सरांनी आम्हाला सांगितलं होतं की सकाळी माणूस थोडा उंच भरतो, दिवसभराच्या चालण्या-उभं राहण्यानं खाली बसतो. मला ते माहीत होतं, आणि त्या दिवशी ती सरांचं ऐकायला मैदानावर नव्हती, हेही माहीत होतं. मी म्हटलं, “सकाळी तर माणूस झोपून आखडलेला राहते. अजून कमी भरशीन.”

तिनं मानलं. गणित मला येत होतं ना!

शालूनं फॉर्म भरला नाही. पण मैदानावर ती येत राहिली—तुमचा विश्वास बसेल? स्वतः पळायची नाही. कडेला उभी राहून माझी वेळ घ्यायची. सरांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, तिच्यासमोर फॉर्मचं काढू नका, तिला लागतं. मी आले की घड्याळ दाखवायची, “बघ, कालच्याहून कमी लागला.” मला राग यायचा. मला वाटायचं, ही आता कशाला येते? काय बघायला येते? मी तिच्या तोंडाकडे बघायचे, तिला काही कळलं आहे का, याचा अंदाज घ्यायचे. मग एक दिवस मामानं तिला उमरेडच्या बसमध्ये बसवलं. मी स्टँडवर गेले होते. खिडकीतून हात बाहेर काढून ती म्हणाली, “तू लाग वं पोलीसमध्ये, आपल्यातून एकीनं तरी.” बस गेली आणि मला हलकं वाटलं. तेही लिहून घ्या.

मी भरती झाले. धावण्यात बरे मार्क पडले, मला स्वतःला खरं वाटेना इतके. पेढे घेऊन सरांकडे गेले. सरांनी पेढा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

“शालूले दिला काय?” म्हणाले.

“ती उमरेडले आहे सर.”

“तिले पाठव आधी. तिनंच तर मांगं लागून सांगितलं होतं मले. सर, ज्योतीचं पाऊल आखूड पडते, तिले कोणी सांगतच नाही. सुधरवा ना तुम्ही. पण मी म्हटलं म्हणून सांगू नका, तिले राग येते.”

मला आठवलं—मध्ये काही दिवस सर अचानक माझ्यामागे लागले होते. पाऊल लांब टाक, हात मोकळे सोड, खाली बघू नको. मला तेव्हा वाटलं होतं, सरांना माझ्यात काहीतरी दिसलं. कोपऱ्यावरच्या स्कूटरपाशी काय बोलणं चाललं होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

तुम्हाला वाटेल, त्या क्षणी मी कोसळले असेन. नाही. माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? तिला काय हवं होतं माझ्याकडून? एवढं चांगलं कुणी उगाच वागतं का? मी घरी जाताना रस्ताभर तेच शोधत होते. काहीतरी सापडलं असतं तर माझी सुटका झाली असती. काही सापडलं नाही.

त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मी उमरेडला गेले होते. हळदीच्या अंगानं तिनं मला हाताला धरून घरभर फिरवलं, आत्या, मावशी, काकू, सगळ्यांना सांगितलं, ही माझी मैत्रीण, पोलीसमध्ये लागली. मी नमस्कार करत होते. नवरा खाणीवर गाडी चालवायचा, दिसायला बरा होता. पुढे मामाकडून कानावर आलं की तो तिला घराबाहेर पडू देत नाही, फोन तपासतो, कुणाशी बोलली की दिवसभर विचारत बसतो. “संशयी आहे,” मामा म्हणाला. मी दुसरीकडे बघितलं. काही वर्षं तिनं काढली. मग एक पिशवी घेऊन निघून आली, नागपूरला.

आणि आता जे सांगायचं आहे त्याच्यापाशी आले. मघापासून मी टाळत होते. आधीचं सगळं तुम्हाला कदाचित पोरवय म्हणून खपवता येईल. विशीतल्या मुली, स्पर्धा, जळणं—म्हणाल, होतं. पुढचं त्यात बसत नाही. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, बायको होते, आई होते, वर्दीतली होते.

शहरातल्या एका मॉलमध्ये मी मुलीला घेऊन गेले होते. दारावर बायांच्या पर्स तपासायला एक गार्ड उभी होती. निळा शर्ट, काळी पँट, केस घट्ट बांधलेले. तिनं माझ्या पर्सची चेन उघडली आणि हात थांबवला.

“अवं ज्योती!”

शालू. तिला तिथं लागून फार दिवस झाले नव्हते. तिची चहाची सुट्टी होईपर्यंत मी थांबले. मागच्या दारापाशी टपरी होती, तिथं उभ्यानं चहा घेतला. नवऱ्याबद्दल ती दोनच वाक्यं बोलली. माझ्या मुलीच्या गालाला हात लावून म्हणाली, तुह्यावर गेली. मग अचानक हसायला लागली.

“तुले एक गंमत सांगतो,” ती म्हणाली. आम्ही पोरी सरावात मुलांसारखं सांगतो-करतो बोलायचो, ती सवय तिची गेली नव्हती. “इथं लावतानी साऱ्यायची उंची मोजली, मशीनवर. माही किती निघाली असन? एकशे छप्पन्न! मी म्हटलं साहेब, मशीन बिघडली तुमची. माही उंची माह्या मैत्रिणीनं मोजली आहे. ते पोलीसमध्ये आहे.”

मी पेला दुसऱ्या हातात घेतला.

ती हसत होती. मग हसणं थांबलं, पण नजर माझ्यावरच होती. की मला तसं वाटलं? मी आजही ठरवू शकत नाही. ती मला तपासत होती का? बोलता बोलता सहज सांगितल्यासारखं करून, माझ्या तोंडावर काय उमटतं ते बघत होती का? की तिचा खरोखरच मशीनपेक्षा माझ्यावर जास्त विश्वास होता? या दोन्हींतलं कुठलं वाईट, तुम्ही सांगा.

मग ती हळूच म्हणाली, “भरती निघणार म्हणते लोक. वय बसते वं माह्यं अजून. पळणंही सुटलं नाही, सकाळी जातो मी. पण ते उंचीचंच आहे ना. खरंच एकशे छप्पन्न असती तर...”

थांबा. इथं मला थांबू द्या.

एक वाक्य पुरलं असतं. “शालू, मशीन बरोबर आहे.” एवढंच. मला कबूल करायचीही गरज नव्हती. म्हणता आलं असतं, अवं, तेव्हा माझं मोजायला चुकलं असेल, लहान होतो आपण. तिनं मला तिथल्या तिथं माफ केलं असतं, माफ करण्यासारखं काही आहे हेही तिला कळलं नसतं. एक भरती तिच्या हातात होती. ती लागली असती, याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती, आजही नाही.

मी म्हटलं, “त्या मशिनी वर-खाली दाखवते वं. भरतीत काठी लावून मोजते, तिथं एक केसभर चालत नाही. मी पाहिलं आहे ना. उगाच आस लावून घेऊ नको.”

वर्दीवाली बाई सांगते आहे म्हटल्यावर ती काय बोलणार? तिनं मान हलवली. “हो, तुले माहीतच असन,” म्हणाली. चहाचा पेला टपरीवर ठेवला, शर्ट आत खोचला आणि दारावर गेली.

का केलं? घरी येऊन मी स्वतःला हेच विचारलं. आता माझ्या वर नाव येण्याचा प्रश्न नव्हता. माझं काहीच जाणार नव्हतं. मला फक्त भीती वाटली. ती भरतीच्या काठीखाली उभी राहील, कुणीतरी मोठ्यानं एकशे छप्पन्न म्हणेल, आणि ती त्या रांगेत उभ्या उभ्या मागचं सगळं जोडत जाईल—भिंत, रविवार, सकाळी माणूस आखडतो. तिनं मला ओळखू नये म्हणून मी तिला पुन्हा खाली बसवलं. दुसरं कारण नाही. शोधून पाहिलं.

त्या भरतीत आमच्याच खात्यातल्या दोन बायांच्या धाकट्या बहिणी लागल्या. ठाण्यात पेढे आले. मी खाल्ले.

शालू अजून माझ्या घरी येते. मुलीच्या वाढदिवसाला येते, हाताशी लागते, भांडी आवरते. एकदा मुलगी दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली, मावशी, मी किती मोठी झाली बघ. शालू पेन्सिल घेऊन पुढे झाली आणि मग पेन्सिल माझ्याकडे धरली. “तू मोज ज्योती. तुले येते.” मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, आम्ही संशयिताकडे बघतो तसं. पापणी, ओठ, गळा. काही नव्हतं. ती मुलीला सांगत होती, टाचा लाव नीट, हनुवटी वर. मी मोजलं. आकडा काय सांगितला ते आठवत नाही.

तिचा फोन चार दिवस आला नाही की मला वाटतं, तिला कळलं. आला की वाटतं, कळलं आहे म्हणूनच आला. नवरा म्हणतो, तुझी ती मैत्रीण किती साधी आहे. मी म्हणते, तुम्हाला काय माहीत. बघा, अजूनही दोष तिच्यातच शोधते आहे.

तिला मी सांगितलेलं नाही. सांगेन, असंही तुम्हाला म्हणत नाही.

काही वर्षांमागे तिचा वाढदिवस होता. मी बंदोबस्तावर होते, चौकात, दुपारचं ऊन होतं. मी करायच्या आधी तिनंच फोन केला. म्हणाली, “आजपासून भरतीचं वय सरलं वं माह्यं. बरं झालं एक. दरवेळी जाहिरात निघाली का जीव उगाच वरखाली होत होता.”

मी म्हटलं, “हो. बरं झालं.”

मागे तिच्या मॉलचा गोंगाट ऐकू येत होता. मग तिनं विचारलं, “जेवली काय?”

मी म्हटलं, जेवले. जेवले नव्हते.